मुलाची मोटारसायकल आणि आईची मागची सीट

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. जुलैचा महिना होता, सकाळपासून पावसाला खळ नव्हता, आणि दिवेलागणीच्या सुमारास नंदिगड्ड्याच्या बाजूचे एक कुटुंब आमच्या ओसरीवर येऊन उभे राहिले. बाप, आई आणि तेवीस वर्षांचा मुलगा. घरात काहीतरी धुमसते आहे हे तिघांच्या चेहऱ्यांवरूनच कळत होते. मुलाने छातीशी धरलेली प्लास्टिकची पिशवी उघडली व तीतून दोन रंगीत पत्रके काढून आमच्या मेजावर पसरली. एकावर निळ्या रंगाची मोटारसायकल होती. मांजराने दबा धरून बसावे तशी पुढे झुकलेली, सर्वांगावर प्लास्टिकचे कवच ल्यालेली. दुसऱ्यावर शंभर सीसीची साधी गाडी, घरोघर दिसते ती.

"फादर, आता तुम्हीच सांगा ह्याला," आई म्हणाली. "त्या निळ्या गाडीवर मी बसू तरी कुठे?"

बाप काही बोलला नाही. सुपारीचे पैसे त्याचे होते, आणि उरलेल्या रकमेच्या कर्जावर सहीदेखील त्याचीच लागणार होती.

आम्ही काय बोलावे अशी त्या माउलीची अपेक्षा आहे हे आम्हांस कळत होते. धर्मगुरूने तरुणास साधेपणाचा उपदेश करावा, मुलाने मान खाली घालावी आणि शंभर सीसीची गाडी दारात यावी. परंतु आम्ही आधी मुलाचे ऐकून घेतले, आणि त्याच्या म्हणण्यात बरेच तथ्य आढळले. तो रोज जोयड्यास कामाला जातो. दर पंधरवड्यास आईला डॉक्टरकडे न्यावयाचे ते त्यानेच, कारण बस चुकली की दिवस गेला. बापाची जुनी गाडी एकट्याला ठीक चालते. पण आई मागे बसली आणि सोबत एखादे पोते असले की चढणीवर दुसऱ्या गिअरमध्ये रडत रडत जाते. मागून येणारा ट्रक हॉर्न वाजवून अगदी पाठीशी येतो. "तेव्हा भीती वाटते ती वेगाची नाही, फादर," तो म्हणाला, "वेग नसल्याची वाटते."

हे खरे आहे, आणि वडीलधाऱ्यांनी ते मान्य केले पाहिजे. थोडा हिशेब मांडून पाहू. शंभर सीसीच्या गाडीचे वजन सुमारे ११२ किलो, शक्ती सुमारे ८ अश्वशक्ती. तिच्यावर दोन माणसे आणि पोते मिळून दीडशे किलो ओझे घातले, तर एकेका अश्वशक्तीच्या वाट्यास ३३ किलोच्या आसपास वजन येते. एकशेसाठ सीसीची आजची चपळ गाडी दीडशे किलोची असते व तिला सुमारे १६ अश्वशक्ती असते. तेवढेच ओझे घातले तरी एका अश्वशक्तीवर १९ किलोच पडतात. चढणीवर ट्रकाला वाट करून देण्यास किंवा त्याच्यापुढे निघून जाण्यास हा फरक फार मोठा आहे. तेव्हा जरा चपळ गाडी मागणारा प्रत्येक मुलगा उधळा असतो, ही समजूत आम्ही त्याच संध्याकाळी बाजूस ठेवली. प्रश्न उरला तो चपळाई म्हणजे काय, एवढाच. त्या निळ्या पत्रकावर ती होती, की तिचा नुसता वेष होता?

आमच्या देशात अशा गाड्यांचा इतिहास लहान आहे, पण बोधप्रद आहे. याच कर्नाटकात म्हैसूर येथे १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी या मोटारसायकली तयार होत. ज्या दांडीने किक मारावयाची तीच पुढे वळवून गिअर टाकावयाचा, अशी त्यांची मौज होती. त्या भक्कम होत्या, आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडल्यानंतरही कित्येक वर्षे त्या रस्त्यावर दिसत राहिल्या. १९८३ साली एस्कॉर्ट्स कंपनीने जपानच्या यामाहाच्या आराखड्यावर राजदूत ३५० आणली. दोन सिलिंडरांचे, ३४७ सीसीचे इंजिन. त्या काळच्या रस्त्यावर तिच्यासमोर उभी राहील अशी गाडी नव्हती. पण मूळ जपानी गाडीच्या पुढच्या चाकास डिस्क ब्रेक होता, आणि येथे खर्च वाचविण्यासाठी ड्रम बसविला गेला. पळण्याचे सामर्थ्य आले, थांबण्याचे मागे राहिले. शिवाय ती पेट्रोल इतके पिई की लिटरचा हिशेब करणाऱ्या गृहस्थास ती परवडेना. दहा वर्षेही न टिकता ती बंद झाली. आज हौशी लोक तिची पूजा करतात. पूजा करणे आणि रोज कामावर जाणे या दोन गोष्टी वेगळ्या.

लोकांनी खरोखर जिला आपली मानले ती १९८५ सालची यामाहा आर.एक्स. १००. इंजिन अवघे ९८ सीसीचे, शक्ती ११ अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या आसपास. शर्यतीचा कोणताही वेष नाही. सरळ हँडल, लांब सपाट सीट, गोल दिवा. दूधवाला, शिक्षक आणि कॉलेजचा विद्यार्थी या तिघांनाही ती चाले. हलकेपणातून आलेली तिची चपळाई १९९६ मध्ये उत्पादन थांबल्यानंतरही लोक विसरलेले नाहीत. पुढे १९९९ साली हीरो होंडाची सीबीझेड आली, १५६ सीसीची, पुढे डिस्क ब्रेक घेऊन. आणि २००१ च्या अखेरीस पुण्याच्या बजाज कंपनीची पल्सर, १५० आणि १८० सीसीमध्ये. आम्ही तेव्हा सेमिनरीत तत्त्वज्ञानाचे पाठ गिरवीत होतो. फाटकाबाहेर उभी असलेली पहिली पल्सर पाहण्यासाठी किती जणांचे जपमाळेचे फेरे त्या बाजूस वळले, हे येथे सांगत नाही. 'रोजची गाडी, पण जरा तेज' ही जी मागणी आज प्रत्येक घरात ऐकू येते, तिला बाजारात मोठी वाट या दोन गाड्यांनी करून दिली.

आता त्या निळ्या पत्रकाकडे वळू. ती यामाहाची आर-१५ होती. गाडी उत्तम, यात संशय नाही. २००८ पासून ती या देशात आहे व तिच्या इंजिनाबद्दल जाणकार आदरानेच बोलतात. १५५ सीसी, १८ अश्वशक्तीहून थोडी अधिक. परंतु वाचकहो, याच कंपनीची एम.टी.-१५ नावाची दुसरी गाडी २०१९ साली आली, तिच्यात तेच १५५ सीसीचे इंजिन आहे. शक्तीही तीच. फरक एवढाच की एकीवर बसणारा पुढे वाकतो, मनगटांवर भार टाकतो, गुडघे मागे मुडपतो. दुसरीवर तो ताठ बसतो, हँडल रुंद असते आणि पुढचे कवच नसते. शर्यतीच्या मैदानावर वाकण्यास अर्थ आहे, कारण तेथे वाऱ्याशी झुंजावयाचे असते. आमच्या रस्त्यावर वाऱ्याशी झुंजण्याइतका वेग कोणी घेऊच नये. येथे झुंज असते वळणावरच्या लाल चिखलाशी, खड्ड्याशी आणि अचानक आडव्या येणाऱ्या गव्याशी. अशा वेळी ज्याचे डोके उंच आहे त्याला लांबचे दिसते, आणि ज्याचे हँडल रुंद आहे त्याला गाडी वळविता येते. उभ्या जागी गाडी आडवी पडली, तर कवच नसलेल्या गाडीचा आरसा जातो. कवच असलेलीचे प्लास्टिक जाते, आणि त्याची किंमत ऐकून बापाचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

मुलगा म्हणाला, "मग एम.टी. घेतो." त्याचा तर्क बरोबर होता. पण त्याची आई अजून समोर बसलेली होती, आणि मागची जागा त्या दोन्ही गाड्यांत उंच व तोकडीच.

आणखी एक गोष्ट आम्ही त्याच्या निदर्शनास आणली. पत्रकावर अश्वशक्तीचा आकडा मोठ्या अक्षरांत छापतात. चाक फिरविण्याचा जोर, म्हणजे ज्याला टॉर्क म्हणतात तो, कितव्या फेऱ्याला मिळतो हे बारीक अक्षरांत. आर-१५ चा सर्वाधिक जोर १४ न्यूटन-मीटरच्या थोडा वर, पण तो इंजिनाचे मिनिटाला ७,५०० फेरे झाल्यावर. त्याच कंपनीची एफझेड घ्या: अश्वशक्ती अवघी साडेबारा, जोर १३.३ न्यूटन-मीटर, पण तो ५,५०० फेऱ्यांनाच हाती येतो. चढणीच्या वळणावर, आई मागे असताना, इंजिन गर्जत ठेवून कोण चालवितो? तेथे जो जोर लवकर मिळतो तोच कामाचा. हे पाहिले तर पत्रकावर दुबळी दिसणारी गाडी आपल्या घाटात तगडी ठरते. बुलेटची कीर्ती याच कारणाने आहे. तिच्या ३४९ सीसीच्या इंजिनाचा २७ न्यूटन-मीटर जोर ४,००० फेऱ्यांनाच मिळतो. पण ती १९५ किलोची आहे, आणि चिखलात कलंडलेली बुलेट एकट्याने उचलण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला आहे तो तिला चपळ म्हणणार नाही. काही तरुण हीरोची एक्सपल्स सुचवितात. उंच गाडी, २०१९ सालची, खड्ड्यांची पर्वा न करणारी. एकट्या वनरक्षकास ती शोभेल. तिची सीट जमिनीपासून ८२५ मिलिमीटर उंच आहे. साठीकडे झुकलेल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईने तिच्यावर चढावे कसे?

ब्रेकबद्दल थोडे अधिक लिहिणे आम्हांस भाग आहे, कारण आमच्या उजव्या गुडघ्यावर एक व्रण आहे. दीक्षा घेतल्यानंतरचा तो पहिलाच पावसाळा होता. एका आजाऱ्याकडे निघालो होतो, उशीर झाला होता. वळणावर ओली पाने पडलेली, आणि पुढे एक वासरू. आम्ही पुढचा ब्रेक मुठीत आवळला. चाक जागीच थांबले, गाडी मात्र पुढे घसरली, आणि आम्ही तिच्यासोबत. दोष ना गाडीचा ना रस्त्याचा, आमच्या मुठीचा. चाक फिरत राहते तोवर टायर रस्ता धरतो. चाक अडकले की धरणे सुटते. ए.बी.एस. नावाची योजना हेच सांभाळते: चाकाजवळचा एक संवेदक फेऱ्यांवर लक्ष ठेवतो आणि चाक अडकू लागताच ब्रेक क्षणभर सोडून पुन्हा धरतो, सेकंदात कित्येकदा. १ एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीवरील प्रत्येक नव्या मोटारसायकलला ती सक्तीची आहे. म्हणजे दीडशे सीसीच्या वर्गात शिरण्याचा एक लाभ असा की हे संरक्षण आपोआप मिळते. काही गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकास असते, काहींत दोन्ही चाकांस. पैसे उरत असतील तर ते येथे घालावेत, रंगावर नव्हे. मात्र सुट्या खडीवर ए.बी.एस. असलेली गाडी थांबण्यास उलट थोडी अधिक जागा घेते, हेही मुलाला ठाऊक असलेले बरे. ताशी साठच्या वेगात एका सेकंदात गाडी जवळजवळ १७ मीटर जाते, चाळीसच्या वेगात ११. आणि गवा दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत तो एक सेकंद गेलेलाच असतो.

टायर, चेन आणि पंक्चर यांविषयी थोडक्यात. ट्यूबलेस टायर असावा, म्हणजे जंगलात खिळा लागला तरी हवा एकदम जात नाही व वाटेतच रबराची पट्टी भरता येते. रुंद टायर दिसावयास देखणा, पण त्याचे खाचे चिखल टाकणारे आहेत की नाहीत ते पाहावे. चेनला पावसात दर आठवड्यास तेल. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बी.एस. ६ गाड्यांत बहुधा कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन असते. ते पेट्रोल नेमके मोजते, थंडीत लगेच सुरू होते. पण बिघडले तर गावातला मिस्त्री पाना घेऊन काही करू शकत नाही, यंत्र जोडूनच दोष कळतो. म्हणून ज्या कंपनीची दुरुस्तीची सोय आपल्या नेहमीच्या वाटेवर आहे, तिची गाडी आधी पाहावी. गोव्यात पिवळ्या-काळ्या रंगाच्या मोटारसायकलींवरून उतारू नेणारे जे 'पायलट' आहेत, त्यांच्या गाड्यांकडे कधी लक्ष देऊन पाहा. ज्यांचे पोट दिवसभर मोटारसायकलवर चालते त्यांतील फारच थोडे वाकून बसलेले दिसतात.

पैशाची बाजूही सांगून टाकू. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जी.एस.टी. २८ टक्क्यांवरून १८ वर आला आहे, तर ३५० वरील गाड्यांवर तो ४० टक्के आहे. नवी गाडी घेताना तिसऱ्या पक्षाचा विमा पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो, हे २०१८ पासूनचे. दुकानात सांगितलेली किंमत आणि रस्त्यावर येईपर्यंतची किंमत यांतील अंतर बापाने आधीच विचारून घ्यावे.

बोलता बोलता मुलाने आणखी एक इच्छा हळूच सांगितली: गाडी आली की सायलेन्सर बदलावयाचा, म्हणजे आवाज 'भरदार' होतो. येथे मात्र आम्ही त्यास सरळ नाही म्हटले. २०१५ पासून काळी व्याघ्र प्रकल्प म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जंगलाच्या कुशीत आपण राहतो. येथे रात्रीचा आवाज दोन डोंगर ओलांडून जातो. शिवाय मूळ बांधणीत असे फेरफार करणे कायद्याने गुन्हा आहे. त्याच्या पंधरा वर्षांच्या धाकट्या भावाचे नावही निघाले. 'गावातल्या गावात' तो गाडी फिरवील, असे आई सहज बोलून गेली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने असा गुन्हा केल्यास पालकास २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, वर्षभर गाडीची नोंदणी रद्द होते आणि त्या मुलास पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. हे ऐकून बाप प्रथमच बोलला. "किल्ली माझ्या खिशात राहील," तो म्हणाला.

मग आम्ही तिघांना एकच सूचना केली. गाडी निवडावयास मुलाने एकट्याने किंवा मित्रांसह जाऊ नये. आईला घेऊन जावे, आणि तिने नेहमीची साडी नेसून यावे.

पुढील हकीकत आईने आम्हांस सांगितली तीच देतो. हुबळीच्या एका दुकानात तिघे गेले. विक्रेता तरुण मुलाशी अश्वशक्तीची भाषा बोलत होता, आणि ही बाई एकेका गाडीच्या मागे जाऊन पाय कुठे ठेवावयाचा, हात कुठे धरावयाचा हे पाहत होती. पहिल्या गाडीच्या मागच्या सीटवर ती चढलीच नाही. दुसरीवर चढली, पण धरावयास काही सापडेना. तिसरी एकशेसाठ सीसीची, सरळ हँडलची. सीट लांब, मागे धरावयास दांडा, पाय ठेवावयास पट्टी. तीवर ती बसली आणि उतरेचना. "हिच्यावर मी दांडेलीपर्यंत जाईन," ती म्हणाली. मागे बसणाऱ्याला धरावयाची सोय, पाय ठेवावयाची सोय आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचे चाक निम्मे तरी झाकणारी जाळी, या तीनही गोष्टी मोटार वाहन नियमांतच आहेत. पण कित्येक तरुण घरी येताच ती जाळी काढून फेकतात, कारण गाडीचे रूप बिघडते. रूप बिघडते खरे. साडीचा पदर चाकात जाऊन पडलेल्या बाईला आम्ही इस्पितळात पाहिले आहे, म्हणून त्या रूपाचे कौतुक आम्हांस नाही.

मुलाने तीच गाडी चालवून पाहिली. उतरला तेव्हा म्हणाला की पिकअप चांगला आहे, पण दिसावयास ती निळीसारखी नाही. त्यात खोटे काही नव्हते. इच्छा सोडावी लागते तेव्हा ती थोडी बोलून दाखविण्याचा हक्क माणसाला असतो.

आमच्याकडून अशा प्रसंगी आकडे सांगण्याचा मोह आवरत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांत ७४,८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट नसलेले ५०,०२९, आणि या पन्नास हजारांत चौदा हजारांहून अधिक मागे बसलेले होते. ही मागे बसलेली माणसे कोण? आपल्या गावाकडे तर बहुतेक आया, बायका आणि मुले. पुढचा हेल्मेट घालतो, मागची पदर घट्ट करते, हे दृश्य आम्ही दर रविवारी देवळाच्या आवारात पाहतो. कायदा दोघांनाही तोच आहे.

गाडी ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी मिस्सानंतर आशीर्वादासाठी देवळाच्या दाराशी आली. राखाडी रंगाची, हँडलला झेंडूची माळ, मागच्या चाकाची जाळी जागच्या जागी. निळ्याची हौस मुलाने हेल्मेटवर भागविली होती. ते गडद निळे होते. आम्ही पवित्र पाणी शिंपडले, बापाने चाकाखाली नारळ ठेवू का असे विचारले, आम्ही हसून नको म्हटले. आई मागे बसली, दांडा धरला, पाय पट्टीवर ठेवला. तिचे हेल्मेट अजून दुकानाच्या पिशवीतच होते आणि पिशवी तिच्या मांडीवर. केसांतली अबोली चुरगळेल, घरी गेल्यावर घालते, असे ती म्हणाली. आम्ही तिची फुले काढून हातात घेतली आणि हेल्मेटचा पट्टा बांधून होईपर्यंत गाडीसमोरून हललो नाही.